गाडी आली, पण चढायचे कसे?
(बंगालच्या लोहमार्गांविषयी थोडेसे)

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितला की "पुढच्या वर्षी नक्की देतो" असे सांगून मी निसटत आलो. यंदा संपादकांनी थेट घरी येऊन गाठले. "तुम्ही रेल्वेतले, बंगालमधल्या रेल्वेवर काहीतरी लिहाच" असा आग्रह धरून चहा घेतला आणि गेले. मी काही इतिहासकार नव्हे. नागपूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांच्या संगतीत इकडे बंगालमध्ये जवळजवळ वीस वर्षे काढली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. चूकभूल द्यावी घ्यावी.

रेल्वेवर लिहायचे म्हटले की लोक प्रथम किलोमीटर मोजतात. या बाबतीत आपले कोलकाता कोणाला हार जाणारे नाही. हावडा, सियालदह आणि खडगपूर या तीन विभागांच्या लोकल गाड्यांचे जाळे स्थानकांच्या संख्येने आणि लांबीने देशात सर्वात मोठे मानले जाते. गर्दीत मुंबई पुढे असेल, पण पसाऱ्यात बंगाल पुढे. शिवाय देशातली पहिली मेट्रो इथलीच, आणि ट्रामही इथलीच टिकली. हे सगळे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु माझ्या कामाच्या स्वरूपामुळे मला दुसरे एक माप जास्त महत्त्वाचे वाटते. घरातून निघालेला माणूस डब्यात जाऊन बसेपर्यंत मध्ये काय काय आडवे येते, हे ते माप. बंगालमध्ये रेल्वे आली त्या दिवसापासून हा प्रश्न होता.

मुंबई-ठाणे गाडी एप्रिल १८५३ मध्ये धावली हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. इकडे ईस्ट इंडियन रेल्वेची तयारीही जवळजवळ त्याच वेळी चालू होती, पण नशीब आडवे आले. डबे घेऊन येणारे 'गुडविन' नावाचे जहाज हुगळीच्या मुखाजवळ बुडाले. इंजिन घेऊन निघालेले दुसरे जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला जाऊन पोचले! शेवटी कंपनीच्या इंजिनिअरने कलकत्त्यातल्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांकडून डबे करवून घेतले, आणि दि. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी ही चोवीस मैलांची गाडी सुरू झाली. बाली, श्रीरामपूर, चंद्रनगर असे थांबे घेत तिला सुमारे दीड तास लागला. पहिल्या दिवशी बसायला मिळावे म्हणून तीन हजारांवर अर्ज आले होते.

आता गंमत अशी की गाडी सुटत होती हावड्याहून, आणि बसणारी माणसे राहत होती कलकत्त्यात. मध्ये हुगळी नदी, आणि पूल नाही. कलकत्त्याच्या काठावर आर्मेनियन घाटाला रेल्वेचे तिकीटघर होते. तिथे तिकीट काढायचे, स्टीमरने पलीकडे जायचे आणि मग गाडीत बसायचे. भरती-ओहोटी, पावसाळा, सामान, बायकामुले हे सगळे सांभाळून. म्हणजे बंगालच्या रेल्वेची पहिली पायरी पाण्यात होती असे म्हणायला हरकत नाही.

पुढची दीडशे वर्षे ही पायरी ओलांडण्यातच गेली. १८६२ मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या ईस्टर्न बंगाल रेल्वेचे सियालदह स्टेशन सुरू झाले, म्हणजे शहराला दोन टोकांना दोन स्टेशने झाली आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. १८७३ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात पहिली ट्राम धावली, ती घोड्यांची. तिचा मार्ग पाहा: सियालदह ते आर्मेनियन घाट. एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनच्या होडीपर्यंत. ती वर्षभरही चालली नाही, नोव्हेंबरात बंद पडली. त्यानंतर १८८० मध्ये कंपनी स्थापन होऊन ट्राम पुन्हा आली आणि १९०२ पासून विजेवर धावू लागली.

१८७४ मध्ये सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी नदीवर तराफ्यांचा पूल बांधला. जहाज आले की त्याचा मधला भाग बाजूला काढावा लागे, तोवर माणसे आणि गाड्या काठावर खोळंबत. याच लेस्लींनी वर नैहाटी-बंडेल दरम्यान रेल्वेचा ज्युबिली पूल १८८७ मध्ये पुरा केला. तो आमच्या खात्यातल्या जुन्या लोकांच्या फार जिव्हाळ्याचा. २०१६ मध्ये शेजारच्या नव्या संप्रीती सेतूवरून वाहतूक सुरू झाल्यावर म्हातारा निवृत्त झाला. आणि ज्याला आपण हावडा ब्रिज म्हणतो तो उघडला थेट फेब्रुवारी १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, जपानी विमानांच्या भीतीने काहीही समारंभ न करता. पण रूळ होते ते फक्त ट्रामचे, आणि १९९३ मध्ये तेही गेले.

नागपूरकर म्हणून एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपली बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ ची. नागपूरहून निघून ती हावड्याला पोचायला १९०० साल उजाडले. या कंपनीच्या नोकरीमुळेच खडगपूर आणि गार्डन रीचकडे अनेक मराठी घरे आली. असो.

फाळणीने मात्र सगळे चित्र बदलले. सियालदहहून निघणारी लांब पल्ल्याची लाईन पूर्व बंगालकडे जाण्यासाठी बांधलेली होती. १९४७ मध्ये मध्येच सरहद्द आली. उत्तर बंगालला जाणारा सरळ रस्ता १९१५ च्या हार्डिंज पुलावरून होता, तो पूल पाकिस्तानात गेला. कोलकात्याहून सिलिगुडीला जायचे तर बिहारमधून वळसा, साहिबगंजच्या बाजूला गंगेवर पुन्हा स्टीमर, आणि पलीकडे मीटरगेजची गाडी. १९७१ मध्ये फरक्का येथे धरणावरून रेल्वे गेली तेव्हा हा वनवास संपला. एका राज्याचे दोन भाग आणि मध्ये चोवीस वर्षे होडी, ही कल्पना आजच्या पिढीला करवणार नाही.

त्याच काळात सियालदहच्या फलाटांवर निर्वासितांचे संसार मांडलेले होते. पुढे ही माणसे लोकलच्या लाईनींच्या कडेकडेने वसली. दमदम, बेलघरिया, सोदपूर, जादवपूर ही नावे आज आपण मोठ्या वस्त्या म्हणून ओळखतो, त्या वाढण्यात या निर्वासितांचा मोठा हात आहे. ज्या लाईनी पूर्व बंगालच्या तागासाठी आणि मेल गाड्यांसाठी बांधल्या त्यांच्यावर रोजची नोकरदार गर्दी येऊन पडली. मुंबईत विजेची लोकल १९२५ मध्ये आली होती. इथे ती १४ डिसेंबर १९५७ रोजी आली, हावडा ते शेवडाफुली, पंडित नेहरूंच्या हस्ते. सियालदहकडे त्यानंतर साठच्या दशकात. त्याआधी वाफेच्या गाड्याच माणसे वाहत होत्या.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल.

२०११ साली गणपतीसाठी आई नागपूरहून आली होती. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे धरलेले. मंडळात आरतीला जायचे म्हणून आम्ही आमच्या लाईनवरच्या एका छोट्या स्टेशनवर आलो. नाव सांगत नाही. लोकल आली, दार समोर आले. आईने दांडी धरली, पाय उचलला, आणि तो डब्यापर्यंत पोचेना. मी मागून आधार देतोय तोवर गाडी हलली. दुसऱ्या गाडीला तेच. तिसऱ्या गाडीत दारातल्या दोन बंगाली बायकांनी "माशीमा, हात दिन" म्हणत तिला दोन्ही हातांनी वर ओढून घेतले. आई हसली, पण हावड्यापर्यंत काही बोलली नाही. त्यानंतर पाच वर्षे ती लोकलमध्ये बसली नाही. गणपतीला आली की टॅक्सी, नाहीतर घरीच.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. फलाटापासून डब्याची फरशी एक फूट सात इंच. आपल्या घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंच असते, म्हणजे तीन पायऱ्या एका दमात.

हे असे का होते? नियमाप्रमाणे उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असावा लागतो. लोकलच्या डब्याची फरशी असते सुमारे बाराशे मिलिमीटरवर. म्हणजे फलाट अगदी नियमात बसणारा असला तरी चौदा-पंधरा इंच चढायचे आहेच. मग फलाट सरळ बाराशेचाच का करत नाहीत, असे मला अनेकांनी विचारले आहे. कारण त्याच रुळांवरून मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या सगळे जाते, आणि प्रत्येकाची रुंदी, झोल आणि पायऱ्या वेगळ्या. शिवाय लोकलचा डबा बारा फूट रुंद असतो, तो फलाटाच्या कडेच्या वरून बाहेर येतो. फलाट वाढवला तर डबा घासेल. मेट्रोला हा त्रास नाही, कारण तिच्या रुळांवर दुसरे कोणी येत नाही. मुंबईत २०१४ मधल्या एका अपघातानंतर हायकोर्टाने लक्ष घातले आणि फलाट नऊशे मिलिमीटरच्या पुढे नेण्याचे काम झाले. तेवढी सवलतसुद्धा खास परवानगीने मिळाली.

पण त्या स्टेशनवर चौदा नव्हे, एकोणीस इंच होते. वरचे पाच इंच कुठून आले? ते आम्ही घातले होते. वाचकहो, रूळ खडीवर बसलेले असतात आणि गाड्यांच्या वजनाने हळूहळू दबतात. मग मशीन लावून रूळ उचलायचे, खाली खडी ठोकायची. दर खेपेला रूळ थोडासा वर राहतो. वीस-तीस वर्षांत ही चढण बोटाबोटाने वाढत जाते, आणि फलाट बिचारा होता तिथेच असतो. रूळ वर गेला की गाडीही वर जाते. त्या सेक्शनवर शेवटच्या दोन खेपांना रूळ उचलण्याच्या कामावर मीच होतो. लाईन उत्तम झाली, गाडी पाण्यासारखी चालते, अशी शाबासकीही मिळाली होती. आईचा पाय ज्या उंचीला पोचला नाही, तिच्यातला एखादा इंच माझ्या हातचा होता.

तेव्हापासून मी कुठल्याही स्टेशनवर गेलो की आधी पायऱ्या पाहतो. ही खोड काही सुटत नाही. आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सर्वात जुनी, इंग्रजांनी बांधलेली मोठी स्टेशने जास्त सोपी आहेत! हावडा आणि सियालदह दोन्ही शेवटची स्टेशने, रूळ तिथे संपतात. त्यामुळे रस्त्यावरून आत आलात की सपाट चालत कुठल्याही फलाटावर जाता येते, एकही जिना नाही. हावड्याला तर दोन फलाटांच्या मधून मोटारीचा रस्ता आत येतो. आजारी माणसाला थेट डब्यासमोर उतरवता येते. शंभर वर्षांपूर्वी हे साहेब लोकांच्या सोयीसाठी केले असेल, पण आज ते व्हीलचेअरच्या कामी येते.

याउलट १९८४ ची मेट्रो पाहा. तिचा इतिहास मोठा आहे. नदीखालून नळीसारखा बोगदा काढून हावडा आणि कलकत्ता जोडण्याची योजना डॅलरिम्पल-हे नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्येच मांडली होती. खर्च पाहून ती गुंडाळली गेली. त्याच गृहस्थाने १९३१ मध्ये नदीखालून बोगदा काढला खरा, पण विजेच्या केबल नेण्यासाठी! माणसांच्या आधी वीज नदीखालून गेली. १९४९ मध्ये डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांना बोलावले. १९७१ च्या आराखड्यात पाच मार्ग होते, त्यांतल्या दमदम-टॉलीगंज या साडेसोळा किलोमीटरचा पाया २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींनी घातला. रस्ते खोदून, दोन्ही बाजूंना भिंती घालून, वरून छत टाकून हे काम केले गेले. शहराने दहा-बारा वर्षे चिखल आणि खड्डे सोसले. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर असे फक्त ३.४ किलोमीटर सुरू झाले, आणि अख्खी लाईन व्हायला सप्टेंबर १९९५ उजाडले. इंजिनिअर म्हणून मी या लोकांना हात जोडतो. गाडीची फरशी आणि फलाट समपातळीत, पाय उचलायलाच नको, हे सुख बंगालला त्यांनी प्रथम दिले. परंतु रस्त्यावरून त्या फलाटापर्यंत उतरायला जिने आणि सरकते जिने, लिफ्ट आराखड्यातच नव्हती. पांगळा माणूस मेट्रोने जाईल असे १९७० च्या दशकात कागदावर कोणाच्या मनातच आले नाही. दोष कोणा एकाचा नाही, काळच तसा होता.

लाईन पुरी झाली त्याच वर्षी, १९९५ मध्ये, अपंगांसाठीचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात रेल्वेचे डबे चढण्याजोगे करावेत असे स्पष्ट लिहिले आहे, पण सोबत 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे एक शेपूट आहे. आम्हा सरकारी लोकांना हे शेपूट फार उपयोगी पडते. लोकलमध्ये अपंगांचा डबा वेगळा झाला, चिन्ह रंगवले गेले. पण डबा राखीव झाला तरी त्याच्या फरशीची उंची तीच, चौदा इंच. डिसेंबर २००२ मध्ये दिल्ली मेट्रो सुरू झाली तेव्हा मात्र लिफ्ट, रॅम्प आणि अंधांसाठी फरशीवरच्या उंचवट्याच्या पट्ट्या पहिल्यापासून होत्या. नंतर लिफ्ट बसवायची तर छत फोडावे लागते, खालचे नळ आणि केबल सरकवाव्या लागतात. आधी ठरवले असते तर एक खड्डा जास्त खणला की काम झाले असते. २०१६ च्या नव्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत घातली, आणि ते शेपूटही बरेच कापले.

आमच्या त्या छोट्या स्टेशनचा फलाट २०१९ मध्ये उंच केला गेला. मी दोनदा पत्र लिहिले होते, त्यामुळेच झाला असे नाही, नंबर लागला म्हणून झाला.

२०२० मध्ये सॉल्ट लेकच्या बाजूने ईस्ट-वेस्ट मेट्रो सुरू झाली. या लाईनवर लिफ्ट आहे, फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत. मध्ये बहूबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ च्या रात्री बोगद्यात पाणी फुटले, जुनी घरे कोसळली, शेकडो माणसे नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. लाईनीची किंमत त्यांनीही मोजली आहे, ते विसरता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये हावड्याकडचा नदीखालचा भाग उघडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सियालदह जोडले गेले. १८७३ च्या घोड्यांच्या ट्रामने ज्या दोन काठांसाठी धडपड केली तेच दोन काठ.

आई आता आमच्याकडेच असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. २०२५ च्या दिवाळीत तिला सियालदहच्या बाजूला एका ओळखीच्यांकडे न्यायचे होते. हावड्याला लोकलमधून उतरलो, सपाट चालत मेट्रोच्या लिफ्टपाशी गेलो, खाली जमिनीच्या पोटात खोल उतरलो. गाडीत बसायला तिला पाय उचलावा लागला नाही. नदीखालचा भाग आला की बोगद्यात निळे दिवे लागतात. मी दाखवले. "एवढ्यात संपली गंगा?" असे तिने विचारले, कारण पाऊण मिनिटात पलीकडचा काठ येतो. दहा-बारा मिनिटांत सियालदह.

परत येताना रात्री आमच्या स्टेशनवर लोकलमधून उतरायचे होते. उतरणे चढण्यापेक्षा कठीण, गुडघेदुखी असणाऱ्यांना हे माहीत आहे. कॉलेजच्या दोन मुलींनी न सांगता तिचे दोन्ही दंड धरले आणि मी खाली उभा राहिलो. फलाटावर टेकल्यावर आईने मागे वळून डब्याच्या फरशीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पूर्वीपेक्षा बरं केलंत रे," ती म्हणाली. "अजून एक पायरी कमी पडते."